बाळाबाईच्या हातची आंब

थंडीच्या दिवसांत हरभऱ्याच्या शेतातून सकाळी अनवाणी चालून बघावं. थोड्याच वेळात पाय चरचरायला लागतात. पानांवर दव असतं, पण ते नुसतं दव नसतं. हरभऱ्याचं झाड रात्रीतून आंबट पाणी बाहेर टाकतं. ते कातडीला झोंबतं. जिभेला लागलं तर दात आंबतात. त्याला आमच्याकडे आंब म्हणतात. पोट दुखलं, मोडशी झाली, जेवण अंगावर आलं, की चमचाभर आंब पेलाभर पाण्यात घालून देतात. पुण्यात कॉलेजला असताना मैत्रिणीच्या खोलीवर मी पहिल्यांदा व्हिनेगर चाखलं. तेव्हा मला आंबच आठवली, आणि आंबेबरोबर बाळाबाई.

पिंपळवंडीत आंब म्हटलं की बाळाबाईचंच नाव निघतं. गावाबाहेर माळाच्या उतारावर तिचं घर आहे. तिच्या स्वतःच्या जमिनीत हरभरा येत नाही. जमीन थोडी, तीही मुरमाड. त्यामुळे तिची आंब नेहमी दुसऱ्याच्या शेतातली. फटफटलं की ती निघते. खांद्यावर पांढरं धडपं असतं, नवऱ्याच्या जुन्या धोतराचं. ते ती साबणाने कधी धूत नाही. झाडांच्या शेंड्यांवरून ते अलगद ओढत न्यायचं. फुलं झडू द्यायची नाहीत. धडपं जड झालं की चिनी मातीच्या वाडग्यात पिळायचं. धातूच्या भांड्यात आंब नासते. मग गाळून बाटलीत. ताजी आंब पाण्यासारखी दिसते, वर्षभरात चहाच्या रंगावर येते.

हे सगळं ती न बोलता करते. आमच्याकडे आता पहाटे कुणी शेतात गेलं तर मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतं, म्हणजे उसातला बिबट्या जवळ येत नाही. बाळाबाई गाणी लावत नाही. मेंढरांमागे आयुष्य गेलेल्या बाईला बिबट्याचं काय सांगायचं, असं लोक म्हणतात. ती स्वतः म्हणते, भीती वाटते, पण बोललं की हात घाई करतो.

तिचं माहेर आणि सासर दोन्ही मेंढरांचं. लग्न झालं तेव्हा हौशीराम, तिचा नवरा, पावसाळ्यापुरता घरी असायचा. एरवी बिऱ्हाड घोड्यावर आणि मेंढरं पुढे. शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची. रानाला खत मिळायचं, बिऱ्हाडाला धान्य मिळायचं. शेजारच्या वावरात हरभरा असला की तिची सासू तिला सकाळी आंब धरायला न्यायची. सासूचा एक नियम होता. आंब धरताना मालकाला विचारायचं नाही, पण पहिली बाटली त्याच्याच घरी द्यायची. ती दिल्याशिवाय दुसऱ्या कुणाला थेंब द्यायचा नाही.

त्या काळी मेंढरंवाल्यांना शेतकऱ्यांच्या घरी ओट्यावर बसवायचे. पाणी वरून ओतायचे. बाळाबाई बाटली घेऊन गेली की मात्र घरातली बाई तिला आत बोलवायची. पोर पोट धरून रडत असायचं, म्हातारीला मळमळत असायचं. चमचा किती, पाणी किती, हे दाखवायला चुलीपर्यंत जावंच लागायचं. पुढे मेंढरं कमी झाली, हौशीराम वारला, मुलगा दादाभाऊ पिकअप चालवायला लागला. बाळाबाई माळावर कायमची राहिली. पण गावातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत ती सरळ जाते. कुठल्या डब्यात साखर आहे हे तिला माहीत असतं.

"आंबेनं मला आत नेलं," ती एकदा मला म्हणाली.

माझी तिची मैत्री उशिरा झाली. एम.ए. करून मी गावी परत आले, तेव्हा मेसच्या जेवणाने माझं पोट पार बिघडलेलं होतं. शेजारच्या पुष्पाकाकूंनी तिला माझ्याकडे आणलं. तिने माझं पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि विचारलं, किती शिकलीस. मी सांगितलं. ती म्हणाली, एवढं शिकूस्तवर उपाशी व्हतीस का. मग मी तिच्याकडे जायला लागले. मी वाचलेल्या गोष्टी तिला सांगायचे. ती ऐकून घ्यायची आणि मध्येच एखाद्या पात्राला शिवी द्यायची. शिवी बहुतेक वेळा बरोबर माणसाला बसायची.

पुष्पाकाकू आणि बाळाबाई यांचं नातं मात्र जुनं. पुष्पाकाकू लग्न होऊन आल्या त्या वर्षीच त्यांच्या नवऱ्याच्या, जालिंदरकाकांच्या, रानात हौशीरामची मेंढरं बसली होती. दोघी तेव्हा तरण्या. जालिंदरकाकांचा मळा ओढ्याच्या कडेला आहे आणि तिथला हरभरा गावात सगळ्यात चांगला. तिथली पहिली बाटली पुष्पाकाकूंची, हे इतकी वर्षं ठरलेलं.

काकूंची सून सोनल आंबेगाव तालुक्यातल्या पेठची. मोबाइलवर बघून तिने सफरचंदाच्या व्हिनेगरची बाटली मागवली होती. वजनाला आणि पचनाला चांगलं, असं तिने वाचलं होतं. बाळाबाईने त्यातला थेंब तळहातावर घेऊन चाटला.

"कशाचं हाय म्हणालीस?"

"सफरचंदाचं, आजी."

"काश्मीरात सफरचंद नासलं, अन् तू पैसं दिलं?"

सोनल हसली. पुष्पाकाकू तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. बाळाबाईने बाटली उलटसुलट करून बघितली आणि बूच चांगलं आहे, रिकामी झाली की मला दे, असं सांगितलं.

गेल्या वर्षी पौषात ते घडलं.

आदल्या दिवशी काकूंच्या भावकीत बारसं होतं. मासवड्यांचं जेवण होतं. काकूंना ते जड गेलं. सकाळी त्या पोट धरून ओसरीत बसल्या होत्या. तेवढ्यात बाळाबाई मळ्याकडून आली, हातात ताजी बाटली घेऊन. त्या थंडीतली जालिंदरकाकांच्या मळ्यातली ती पहिली आंब. नियमाप्रमाणे ती काकूंकडेच यायची होती. योगायोगाने काकूंना तिची गरजही होती. बाळाबाईने चमचाभर पाण्यातून दिली. थोडा वेळ बसली आणि दादाभाऊ गाडी घेऊन निघायचा म्हणून घरी गेली. काकूंना बरं वाटेना. त्यांनी आणखी दोन चमचे घेतले, बिनपाण्याचे.

सोनलची हाक ऐकून मी गेले, तेव्हा काकूंच्या तोंडातून लाळ वाहत होती. थंडीच्या दिवसांत अंग घामाने भिजलं होतं. त्या उलट्या करत होत्या आणि त्यांना आमचे चेहरे नीट दिसत नव्हते. आम्ही शेजारची जीप काढून त्यांना नारायणगावला नेलं. जालिंदरकाका टोमॅटो घेऊन मार्केटला गेले होते. ते तिथूनच दवाखान्यात आले.

डॉक्टरांनी काकूंच्या डोळ्यांवर बॅटरी मारून पाहिली आणि वळून विचारलं, घरात किंवा शेतात कुठे फवारणी केलीय का.

काका म्हणाले, "काल संध्याकाळी केली हरभऱ्याला. अळी पडली होती. पण ही तिकडं गेलीच नाही. ही तर घरातच."

सोनल म्हणाली, "आईंनी आंब घेतली होती सकाळी. बाळाआजीकडची."

काका भिंतीला टेकले. डॉक्टर आत गेले. त्यांना एवढंच कळायला हवं होतं. त्यांनी लगेच इंजेक्शनं सुरू केली. काकू वाचल्या त्या काकांनी खरं सांगितलं म्हणून, हे मला तेव्हाही कळत होतं.

गावात मात्र निराळीच गोष्ट पोहोचली. बाळाबाईने पुष्पाला काहीतरी पाजलं आणि पुष्पा मरता मरता वाचली. कुणी म्हणालं आंब जुनी होती, कुणी म्हणालं बाटली औषधाची होती, धुतली नव्हती. मेंढरंवाल्यांच्या हातचं घ्यावंच कशाला, असंही एकाने म्हटलं. हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या कानावर आलं. जालिंदरकाकांना कुणी विचारलं की ते म्हणायचे, झालं ते झालं, माणूस वाचलं. फवाऱ्याचं नाव ते काढत नव्हते. खोटं बोलत नव्हते, पण बोलत नव्हते.

काकू दवाखान्यातून घरी आल्या, त्या दिवशी मी माळावर गेले. बाळाबाई दारात दगडावर बसली होती. चूल थंड होती. मी तिच्यावर काकांचा राग काढला. म्हटलं, मावशी, तुझी काय चूक. फवारा त्यांनी मारला. तू दर वर्षी तिथंच जातेस हे त्यांना माहीत होतं. सांगायला नको का. उद्या मीच चारचौघांत बोलते.

तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "फवाऱ्याचा वास दोन वावरांवरून येतो. संध्याकाळचा असला तरी सकाळी येतोच. तुला आला असता. त्या सोनलला आला असता."

मी म्हटलं, मग तुला का नाही आला.

"मला न्हाई येत," ती म्हणाली. "कोरोनात गेला. चव आली माघारी, वास न्हाई आला. भाकरी करपली तरी धूर दिसंस्तवर कळत न्हाई."

ती मला हे पहिल्यांदा सांगत होती. दादाभाऊलाही माहीत नव्हतं.

मी विचारलं, सांगितलं का नाहीस.

"काय सांगू? आंब धरणारी बाई अन् तिला नाक न्हाई. कोण घेईल तिच्या हातची?"

तिला दोष द्यावा असं वाटत नव्हतं आणि दोष नाही असंही म्हणवत नव्हतं. साहित्य शिकताना माणसांच्या चुकांवर मी पानंच्या पानं लिहिली होती. ती सगळी कागदावरची माणसं होती. ही दगडावर बसली होती आणि पदराने सारखं नाक पुसत होती, सर्दी नसताना.

थोड्या वेळाने ती उठली. म्हणाली, ह्या थंडीत ज्यांना ज्यांना दिली त्यांच्याकडनं माघारी आणायची. तुझी गाडी काढ. मी म्हटलं, जालिंदरकाकांच्या मळ्यातली तर काकूंनाच दिली होतीस ना, बाकीची दुसऱ्या वावरांतली. ती म्हणाली, "दुसऱ्या वावरांत कुणी काय मारलं ते मला ठावं हाय का?"

आम्ही स्कूटीवरून निघालो. ती मागे एका बाजूला पाय सोडून बसली. मांडीवर बाटल्यांसाठी पिशवी होती. पहिल्या घरी पोहोचलो. मी सवयीने आत शिरले आणि मागे वळून पाहिलं. ती अंगणातच उभी होती. घरातली बाई बाहेर आली, तेव्हा बाळाबाईने तिला सांगितलं, मला वास येत नाही. तुम्हाला दिलेल्या बाटलीत फवारा आहे का नाही हे मी सांगू शकत नाही. ती मला परत द्या.

बस, एवढंच. जालिंदरकाकांचं नाव नाही. मळ्याचं नाही. प्रत्येक घरी तेच शब्द, त्याच आवाजात. दोन-तीन घरांनंतर मला ते ऐकवेना. मी गाडीपाशी थांबायला लागले.

काही जणींनी न बोलता बाटली आणून दिली. एकीने ती आधीच उकिरड्यावर फेकली होती. एका घरची तरणी सून म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही कशाच्या भरवशावर देत होता?"

"नाकाच्या," बाळाबाई म्हणाली.

त्या सुनेची सासू आतून आली. तिने बाळाबाईला पाणी विचारलं. बाळाबाईने ओट्याच्या कडेला बसून पाणी घेतलं, पण उंबरा ओलांडला नाही. सासूने आत ये म्हटलं. ती म्हणाली, आज न्हाई.

ठकूबाईने मात्र बाटली द्यायला साफ नकार दिला. ठकूबाई ऐंशीच्या पुढची, गावातली सगळ्यात वयस्क बाई. ती दारातच पाय पसरून बसली.

"परवाच पिले मी. मेले का?"

"ठकूबाय, द्या."

"पोट लोण्यावाणी झालं माझं. ही बया उचलून न्यायला आली."

"त्यात फवारा असंल तर?"

"ह्या वयात मला अळी थोडीच लागलीय."

आतून कुणीतरी हसलं. बाळाबाई हसली नाही. ती ठकूबाईच्या समोर मातीत बसली आणि बसूनच राहिली. ठकूबाईने तंबाखू मळली, खाल्ली, थुंकली. नातवंडाला हाक मारली. म्हशीला शिव्या दिल्या. बाळाबाई उठेना. शेवटी ठकूबाई कुरकुरत आत गेली, धान्याच्या कणगीत हात घालून बाटली काढली आणि तिच्या ओटीत टाकली.

"पुढल्या साली आण," ती म्हणाली. "न्हाईतर तुझ्या दारात येऊन पोट धरीन."

जालिंदरकाकांचं घर आम्ही शेवटी घेतलं. काका ओसरीत बसून ड्रिपच्या नळ्या गुंडाळत होते. काकू आत झोपलेल्या. बाळाबाईला बघून काका उभे राहिले. मावशी, आत या, म्हणाले. ती अंगणात उभी राहून बोलली. इतर घरी जे बोलली ते, आणि थोडं पुढचं. मला वास येत नाही. मी ते लपवलं. तुझी बायको त्यापायी मरत होती. बाटली असली तर दे.

काकांच्या हातातली नळी सुटून पुन्हा उलगडली.

"वास मला येत व्हता की, मावशी," ते म्हणाले. "मीच मारला व्हता. रातभर अंगाला येत व्हता वास, घरभर त्योच, म्हणून पुष्पालाबी बाटलीतला कळला न्हाई. सकाळी तुमी माझ्याच वावरात येणार, हे मला ठावं व्हतं. मार्केटची घाई व्हती. ध्यानात न्हाई राहिलं, अन् नंतर बोलायचं धाडस न्हाई झालं."

शेजारच्या ओट्यावर माणसं बसली होती. त्यांनी ऐकलं असेल. काकांना ते माहीत असावं.

बाळाबाई म्हणाली, "तुझं तू बघ. मी माझं सांगाया आले."

आणि ती वळली. मला वाटलं होतं, काकांनी कबूल केलं की ती मोकळी होईल. रडेल, निदान बसेल तरी. ती गाडीकडे चालायला लागली. घरी जाऊन तिने न्हाणीमागे राखेचा खड्डा केला आणि एकेक बाटली त्यात ओतली. आंब राखेवर पडली की फसफसायची आणि विरून जायची. तिच्या घरातल्या काही बाटल्या मागच्या वर्षांच्याही होत्या, चहाच्या रंगाच्या. त्या चांगल्या असतील, असं मी म्हटलं. तिने त्याही ओतल्या.

त्यानंतर वर्षभर तिच्याकडे कुणी आंब मागितली नाही. लोक तिला टाळत होते असं नाही. काकांनी सांगितलेलं गावात फिरलं होतं. रस्त्यात भेटली की सगळे बोलायचे. काहींना तिचं वाईट वाटायचं. पण पोट दुखलं की मेडिकलमधून पुडी यायची. सोनलच्या बाटलीसारख्या बाटल्या आणखी दोन-चार घरांत आल्या. बाळाबाईचं गावात जाणं कमी झालं. गेलीच तर ओट्यावर बसायची. आत बोलवलं तरी ओट्यावरच.

यंदा थंडी पडली. हरभरा फुलावर आला. एके दिवशी जालिंदरकाकांनी फवारा मारला आणि मळ्याच्या बांधावर काठी रोवून तिला लाल फडकं बांधलं. काकूंच्या जुन्या साडीचा तुकडा होता. काकांनी कुणाला काही सांगितलं नाही, पण बघणाऱ्यांना कळलं. मग दुसऱ्या एकाने बांधलं. मग तिसऱ्याने. चांगली गोष्ट होती. मला त्याचा आनंद झाला आणि मी बाळाबाईला ते दाखवायला माळाच्या टोकावर घेऊन गेले.

तिथून खालचं सगळं शिवार दिसतं, हवा स्वच्छ असली तर लेण्याद्रीचा डोंगरसुद्धा. ती कपाळावर हात धरून बघत राहिली. लाल, पिवळी, निळी फडकी. एखाद्या जत्रेला लावावीत तशी. हरभऱ्याचं असं एक वावर मला दिसेना जिथे ती नव्हती. माझा आनंद तिथेच थांबला. फवारा आधीही असाच सगळीकडे मारला जायचा. फक्त दिसत नव्हतं.

"ते बघ," ती म्हणाली. "गेणभाऊचं."

ओढ्यापलीकडे एक तुकडा होता. पिवळट, विरळ, तणाने भरलेला. त्यावर फडकं नव्हतं. गेणभाऊ गावातला सगळ्यात आळशी माणूस म्हणून ओळखला जातो. पेरतो आणि विसरतो. त्याच्या शेतातून जाताना लोक त्याला डिवचायला मुद्दाम खोकतात.

आम्ही त्याच्याकडे गेलो. तो बाजेवर पडला होता. बाळाबाईने विचारलं, हरभऱ्याला काय मारलंस.

"काय न्हाई. मारणार हाय. मारीन."

"अळी हाय का?"

तो उठून बसला. त्याला वाटलं आता बोलणी खावी लागणार. "हाय थोडी. कुणाच्या न्हाई? ह्या साली सगळ्यांच्याच हाय."

"लई हाय का?"

"लई हाय," तो हताश होऊन म्हणाला.

"मारू नगंस," ती म्हणाली. "तुझ्यावाणी वावर न्हाई पंचक्रोशीत."

गेणभाऊने माझ्याकडे बघितलं. आपली चेष्टा चालली आहे का हे त्याला कळेना. एवढ्या वर्षांत त्याच्या शेताला कुणी बरं म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गेलो. तिने धडपं ओढण्याआधी माझ्या हातात दिलं. म्हणाली, पुढं हो. वावरभर चालत जा, बसून झाडं हुंग. मी चालले. पाय चरचरत होते. घाट्यांना भोकं होती आणि भोकांत हिरव्या अळ्या वळवळत होत्या. मी वाकून वाकून हुंगत गेले. माती, ओलावा, हरभऱ्याचा हिरवा आंबटसर वास. दुसरं काही नव्हतं. तिला मी तसं सांगितलं. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग तिने मला बांधाच्या कडेने पुन्हा एकदा जायला लावलं.

झाडं विरळ होती म्हणून आंब थोडीच निघाली. पहिली बाटली गेणभाऊला दिली. त्याने ती देव्हाऱ्यात ठेवल्याचं नंतर कळलं. दुसरी अर्धीच भरली. ती तिने घरी फळीवर ठेवली. मी ठकूबाईची आठवण करून दिली. तिने ऐकलं न ऐकलंसं केलं. आंब धरायला गेली, पण कुणाला द्यायला ती जाईना. रोज फळीवरची बाटली उतरवायची, उजेडात धरायची आणि परत ठेवायची.

परवा दुपारी मी तिच्याकडे बसले होते. ती पावटा सोलत होती. उतारावरून पुष्पाकाकू येताना दिसल्या. दवाखान्यातून आल्यावर त्या इतकं चढून कधी आल्या नव्हत्या. दारात येऊन त्यांनी दम घेतला.

"पोट फुगलंय कालपासनं," त्या म्हणाल्या. "दे."

बाळाबाईने सोललेले दाणे खाली ठेवले. म्हणाली, न्हाई. दवाखान्यात जा. जालिंदरला सांग, गाडी काढंल.

"गॅसला कोण दवाखान्यात जातं?"

"मेडिकलमधनं गोळी आण."

"बाळे, फळीवर हाय ती काय मग दृष्टीला लावायला ठेवलीस?"

"तुला न्हाई देणार," बाळाबाई म्हणाली. "कुणालाबी देईन. तुला न्हाई."

मी गेणभाऊच्या शेताचं सांगितलं, फवारा नाही, मी स्वतः हुंगून बघितलं, हेही सांगितलं. काकू म्हणाल्या, ते त्यांना सगळं ठाऊक आहे, गेणभाऊ गावभर सांगत फिरतोय. बाळाबाई जागची हलली नाही. ती काकूंकडे बघतही नव्हती. कुणाचा विश्वास उडाला, कुणाचा राहिला, हे मी वर्षभर मोजत बसले होते. तिचा स्वतःचा स्वतःच्या हातावरचा गेला होता, हे मला तेव्हा कळलं.

काकूंनी वाट बघितली. मग त्या उंबरा ओलांडून आत आल्या, फळीवरून बाटली काढली. पेला कुठे असतो, चमचा कुठे असतो, त्यांना माहीत नव्हतं. त्या कधी ह्या घरात आत आल्या नव्हत्या. त्या शोधत राहिल्या. डबे हलवले, टोपली उचलली. शेवटी बाळाबाईने बसल्या जागेवरूनच सांगितलं, चमचा त्या मडक्यामागं.

काकूंनी चमचाभर आंब पाण्यात घातली आणि उभ्याने प्यायल्या. तोंड वाकडं केलं. पेला विसळून उपडा ठेवला. "येते," म्हणाल्या.

"बस," बाळाबाई म्हणाली.

"अगं, म्हशीची धार..."

"सोनल काढंल. बस."

काकू बसल्या. बाळाबाई त्यांच्या समोर सरकली, इतकी जवळ की गुडघ्याला गुडघा लागला. पावट्याच्या शेंगा तशाच पडून होत्या. ती काकूंचं कपाळ बघत होती, ओठ बघत होती. मध्येच हात लावून घाम आहे का बघायची. काकूंनी बारशाची गोष्ट काढली, सोनलच्या माहेरचं काही सांगितलं. बाळाबाई हूं हूं करत होती, ऐकत नव्हती. डोळ्यांत बघू दे म्हणाली. काकूंनी डोळे मोठे केले. मी चहा ठेवला. तो दोघींपुढे निवून गेला.

ऊन उतारावरून खाली सरकलं. काकूंचा फोन वाजला. जालिंदरकाका होते. बाळाबाईने फोन हातातून घेतला. "हाय इथं," म्हणाली. "आंब घेतलीय. गेणभाऊच्या वावरातली. काय वाटलं तर सांगते, गाडी घेऊन ये." पलीकडून काका काहीतरी म्हणाले. ती म्हणाली, "बरं. मग इथंच ये. तूबी बस."

थोड्या वेळाने काकूंना मोठा ढेकर आला. त्यांनी पोटावरून हात फिरवला आणि हसल्या. गेलं बघ, म्हणाल्या, हलकं झालं. त्यांनी गुडघ्यावर हात टेकला, उठायला.

बाळाबाईने त्यांचं मनगट धरलं.

"आजून जरा बस," ती म्हणाली.